मुंगीच्या पेडलचं शुद्धिपत्रक

"गिटारचं पेडल मी घरीच बनवणार," असं आवककाकांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला आणि मुंगी म्हणाली, "राहू दे ना, बाबा."

मुंगी ही काकांची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, म्हणून हे नाव पडलं. आता ती काकांपेक्षा चार बोटं उंच आहे, पण नाव बदलायचं तर रीतसर ठराव लागतो आणि तो आजवर कोणी मांडलेला नाही. काका स्वतः नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये मुख्य कारकून. आलेल्या कागदावर आवक क्रमांक टाकायचा, कागद योग्य फाईलला लावायचा आणि फाईल योग्य फडताळात ठेवायची, हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. त्यावरून बिल्डिंगीत सगळे त्यांना आवककाका म्हणू लागले. काकूंच्या मते हे नाव शंभर टक्के बरोबर आहे, कारण त्यांच्या घरात वस्तूंची फक्त आवकच होते, जावक कधी होत नाही.

मुंगीच्या त्या 'राहू दे'ला इतिहास होता. काकांनी एकदा दाराची बेल दुरुस्त केली होती. त्यानंतर सहा महिने त्यांच्या दारावरचं बटण दाबलं की बेल खालच्या मजल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरात वाजायची. मग इस्त्री झाली, मग मिक्सर झाला, मिक्सरच्या वेळी तर भिंतही रंगवावी लागली. मुंगी भांडली असती तर काकांना चाललं असतं, भांडणाला उत्तर देता येतं. पण ती इतक्या मऊ आवाजात बोलली की काकांनी घास ताटात परत ठेवला. आजारी माणसाला 'तुम्ही उठू नका' म्हणतात तो हा आवाज होता, आणि ते तर ठणठणीत होते.

प्रकरण असं होतं. एका मोठ्या वाद्यवृंदात गिटारवादकाची एक जागा निघाली होती. मुंगी गेली सात वर्षं त्या एका जागेसाठी बोटं झिजवत होती असं म्हटलं तरी चालेल. चाचणीत दोन तुकडे वाजवायचे होते, एक साधा आणि एक इफेक्ट वापरून. इफेक्टसाठी पायाशी एक डबी ठेवतात, तिला पेडल म्हणतात. गिटारचा आवाज तिच्यात सरळ जातो आणि बाहेर येताना घुमत, लांबत, लहरत येतो. मुंगीकडे मैत्रिणीचं उसनं पेडल होतं, पण चाचणीच्या आठवड्यात मैत्रीण ते परगावी घेऊन जाणार होती. "मी काहीतरी बघते," असं मुंगी म्हणाली होती, आणि काकांना त्या वाक्यात स्वतःचं नाव कुठेच ऐकू आलं नव्हतं.

म्हणून ती आंघोळीला गेलेली असताना त्यांनी उसनं पेडल उघडून पाहिलं. (हे विधान कुठल्याही चौकशीत पुरावा म्हणून वापरू नये.) आत नखाएवढी एक काळी चिप होती, दोन्ही बाजूंना चौदा चौदा पाय असलेली. काकांनी तिच्यावरचा नंबर टिपून घेतला, ऑफिसात जाऊन तिचं माहितीपत्रक छापून काढलं आणि दुपारच्या चहाला वाचायला घेतलं. चहा निवला. ही चिप म्हणजे हुकमाची ताबेदार होती. तिला कागदोपत्री काय करायचं ते लिहून द्यायचं, फार तर एकशे अठ्ठावीस ओळींत: आवाज घ्या, जपून ठेवा, इतक्या वेळाने परत द्या, निम्म्या जोराने द्या, उरलेला पुन्हा जपून ठेवा. एका ओळीत एकच हुकूम. आठ इफेक्ट तिच्या पोटात तयारच येतात, आणि शेजारी एक छोटी मेमरी लावली तर आपल्या हाताने लिहिलेले आणखी आठ ठेवता येतात. काकांना गहिवरून आलं. सव्वीस वर्षांत इतकं स्वच्छ परिपत्रक त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं.

बातमी बिल्डिंगीत पसरायला जिन्याचा एक मजला पुरला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त वायरमन राहतात. त्यांनी येऊन चिपचं चित्र पाहिलं आणि "यात फ्यूज कुठंय?" असं विचारलं. फ्यूज नाही म्हटल्यावर त्यांचा त्या वस्तूतला रस आणि काकांबद्दलचा आदर दोन्ही एकदमच संपले. तरी जाताना ते सांगून गेले, "अर्थिंग मात्र द्या. बाकी काही चुकलं तरी अर्थिंग चुकता कामा नये." पुढे तीन आठवडे ते जिन्यात भेटले की नमस्काराऐवजी "अर्थिंग?" एवढंच विचारत. सेक्रेटरींनी वेगळाच मुद्दा काढला. घरात उद्योग सुरू करायचा तर सोसायटीची ना हरकत लागते. काका म्हणाले, उद्योग नाही, एकच नग आहे. सेक्रेटरी म्हणाले, सगळ्या कारखान्यांची सुरुवात एकाच नगापासून होते. काकांनी या वाक्याचा विचार केला आणि ते आतून थोडे सुखावले.

चिपा परदेशातून मागवाव्या लागल्या. काकांनी तीन मागवल्या, दोन जादा असाव्यात म्हणून. त्या आल्या आणि पार्सल ऑफिसात अडकल्या. चार नंबरच्या खिडकीमागे एक बारीक मिशांचे गृहस्थ बसले होते. त्यांनी फॉर्मवरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं.

"वस्तूचा उपयोग?"

"प्रतिध्वनी निर्माण करणे," काका म्हणाले.

"कशाचा?"

"गिटारचा."

"मग गिटारचे कागद?"

"गिटार घरी आहे. ती कुठून आलेली नाही, म्हणजे आली होती, सात वर्षांपूर्वी."

गृहस्थांनी मान हलवली. त्या हलण्यात द्वेष नव्हता, नुसता नियम होता. "आणि हे 'प्रोग्रॅमेबल' म्हणजे काय? नंतर ती वस्तू बदलता येते? मग आज मी जी वस्तू सोडणार ती उद्या तीच राहील याची हमी कोण देणार? उद्या या."

काका खिडकीवरून बाजूला झाले. आयुष्यभर त्यांनी हे दोन शब्द दुसऱ्यांना ऐकवले होते. ते ऐकताना पाय कसे जड होतात हे त्यांना आज समजलं, आणि घरी जाईपर्यंत त्यांना किमान चाळीस माणसांचे चेहरे आठवले. मात्र दुसऱ्या दिवशी ते पूर्ण फाईल घेऊन हजर झाले: विषय, संदर्भ, गिटारचा फोटो दोन बाजूंनी, चिपच्या माहितीपत्रकाचा मराठी सारांश, हमीपत्र, प्रत्येक पानाला क्रमांक, डाव्या कोपऱ्यात हिरवी नाडी. मिशांचे गृहस्थ पान उलटत गेले आणि हळूहळू त्यांचा चेहरा मऊ झाला. ते पुन्हा पहिल्या पानावर आले. ते कोरं होतं.

"अनुक्रमणिकेसाठी सोडलंय," काका म्हणाले. "मजकूर दुसऱ्या पानापासून सुरू करायचा. काम संपलं की अनुक्रमणिका भरायची."

"हल्ली पहिलं पान कोरं कोण सोडतं?" गृहस्थ म्हणाले. त्यांनी शिक्का मारला, पार्सल दिलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून काकांचा हात हातात घेतला. रांगेतली माणसं ओरडत होती, पण दोघांनाही ती ऐकू आली नाहीत.

एवढं होऊनही त्यातल्या दोन चिपा पहिल्याच रविवारी गेल्या. पहिलीचे अठ्ठावीस पाय काकांनी सोल्डरच्या एकाच थेंबात बसवले. लांबून पाहिलं तर काम भरीव दिसत होतं. वायरमननी भिंग लावून पाहिलं आणि अर्थिंगचंही नाव न काढता निघून गेले. दुसरी चिप चिमट्यात धरलेली असताना काकांना शिंक आली. मग काका, काकू आणि मुंगी तिघेही दीड तास जमिनीवर ओणवे होते. मुंगीला शर्टाची तीन बटणं आणि एक हरवलेलं कानातलं सापडलं, चिप काही मिळाली नाही. तिने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. तिने भांडायला हवं होतं असं काकांना फार वाटलं.

"उठा," काकू म्हणाल्या.

काकू एकवीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काम करत होत्या. डोळ्यांना नीट दिसत नाहीत असे स्क्रू त्या दिवसाला पन्नास बसवत. त्यांनी दुकानातला कपाळावर बांधायचा भिंगाचा पट्टा आणला, खुर्ची खिडकीकडे वळवली, तिसरी चिप बोर्डावर ठेवली आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. अकरा मिनिटं झाली. अठ्ठावीस पाय वेगवेगळे, चकचकीत, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे. "एवढंच होतं?" असं त्या म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या. काकांची प्रतिष्ठा त्या क्षणी बरीच खाली आली होती, पण त्यांनी तिला सावरलं. फाईलमध्ये त्यांनी नोंद केली: जोडणीचे काम पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली पूर्ण.

आता हुकूम लिहायचे होते, आणि इथे काकांना कोणाची गरज नव्हती. चिपच्या पोटातले तयार इफेक्ट त्यांनी ऐकले आणि नापसंत केले. त्यात मोठाले दिवाणखाने होते, गुहा होत्या. "या जागा आपण पाहिलेल्या नाहीत," ते म्हणाले. "पाहिलेल्या जागा लिहू." आणि ते जागा मोजायला निघाले. जिन्यात तळमजल्यावर उभं राहून टाळी वाजवायची, ती वरून किती वेळाने परत येते ते घड्याळावर बघायचं, पुढच्या वेळी किती बारीक होते ते कानाने ठरवायचं. दोन दिवस जिन्यात टाळ्या वाजत राहिल्या. सेक्रेटरी प्रत्येक टाळीला दार उघडून बघत, आणि आपलं कौतुक चाललं नाही याची खात्री झाली की दार लावून घेत.

गच्चीवरची पाण्याची टाकी साफसफाईसाठी रिकामी केली, त्या दिवशी काकांनी झाकणातून खांद्यापर्यंत आत शिरून सा लावला. टाकी धुणाऱ्या माणसाला कोणीतरी आत पडल्यासारखं वाटलं आणि त्याने काकांचे पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. काकांच्या चष्म्याची एक काडी टाकीतच राहिली. सेक्रेटरींनी विचारलं, टाकीत डोकं घालायची परवानगी कोणी दिली. काका म्हणाले, नियमावलीत टाकीत कचरा, कपडे आणि पाळीव प्राणी घालायला बंदी आहे, डोक्याचा उल्लेख नाही. सेक्रेटरींनी नियमावली काढून पाहिली. उल्लेख खरोखरच नव्हता.

असे आठ इफेक्ट तयार झाले. एक, जिना. दोन, टाकी. तीन, रेकॉर्ड रूम, जिथे कागद आवाज पिऊन टाकतात आणि मागे थोडीशी ऊब राहते. चार, दोन बिल्डिंगींमधला बोळ. पुढे तळघर, बाथरूम आणि नगरपालिकेचा लांब व्हरांडा. आठवा मात्र जागेचा नव्हता. त्यात एकदा वाजवलेला सूर पुन्हा पुन्हा येई आणि दर वेळी जास्त चढ्या आवाजात येई. त्याला काकांनी 'सेक्रेटरी' असं नाव दिलं होतं. एकेक इफेक्ट लिहायचा, एकट्याचाच मेमरीत भरायचा, गिटार लावून ऐकायचा आणि पुन्हा दुरुस्त करायचा, असं चाललं होतं.

टाकीवर काम चालू असताना मुंगी क्लासवरून आली. काका गिटारची एकच तार छेडत होते, कारण त्यांना तेवढीच येत होती. मुंगी दारातच थांबली. खांद्यावरची पिशवी तिने खाली ठेवली नाही.

"ही आपली टाकी आहे," ती म्हणाली.

"रिकामी," काका म्हणाले. "पाऊण भरलेली घेतली नाही. आवाज बसतो."

लहानपणी काका गच्चीवर पाणी बघायला जात तेव्हा ती मागे मागे यायची. झाकण उघडलं की आत तोंड घालून गायची, आणि आतून दुसरी मुंगी तिला साथ देते असं समजायची. आता तिने पिशवी खाली ठेवली. तिने काकांच्या हातातून गिटार घेतली आणि जमिनीवर बसून वाजवू लागली. काकूंनी गॅस बारीक केला. तासभर त्या घरात कोणी कोणाला हाक मारली नाही. शेवटी मुंगीने विचारलं, "रविवारच्या चाचणीला हे होईल?" आणि काकांनी "होईल" म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं, सव्वीस वर्षांत आपण दिलेलं हे पहिलंच आश्वासन आहे जे पाळलं नाही तर आपण स्वतःलाही तोंड दाखवू शकणार नाही.

तो तास सेक्रेटरींनीही ऐकला होता. ते दुसऱ्या सकाळी लेखी तक्रार घेऊन आले आणि काकांकडून लेखी हमी घेऊन गेले, की सदर उपकरणातून रविवारपर्यंत इमारतीत कोणत्याही प्रकारचा ध्वनी निघणार नाही. काकूंनी सुचवलं की कानाला हेडफोन लावून ऐका, कोणाला कळणार आहे? काका म्हणाले, "ध्वनी तो ध्वनीच. कोणाच्या कानात निघाला हा प्रश्न नाही. मी सही केली आहे." या बाबतीत त्यांचा स्वभाव बदलणं शक्य नाही, आणि काकूंनी प्रयत्न करणं केव्हाच सोडून दिलं आहे.

त्यामुळे शुक्रवारी आठही इफेक्ट एकत्र मेमरीत भरले गेले ते शांततेत. मेमरीत आठ पानं. काकांनी ती फाईल लावतात तशीच लावली. कॉम्प्युटरने मध्येच काहीतरी इशारा दिला. काकांनी तो छापला, त्यावर 'पाहिले, दप्तरी दाखल' असं लिहिलं आणि फाईलला लावला. दप्तरी दाखल याचा अर्थ, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, कागद आला, त्याचं काही करायचं नाही, आणि तो हरवायचाही नाही. मग बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात बोर्ड बसला, वायरमननी स्वहस्ते अर्थिंग दिलं आणि डोळे पुसले. इफेक्ट निवडायच्या आठ घरांच्या फिरकीभोवती काकांनी बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात एक ते आठ आकडे काढले. आकडे फार देखणे आले होते.

रविवारी चाचणीच्या जागी एक लांब कॉरिडॉर होता, शेवटी दुहेरी दार, आणि दारावर एक शिपाई. आत फक्त उमेदवार. मुंगी आत गेली. काका आणि काकू बाकावर बसले. काकांच्या मांडीवर फाईल होती. ती आणायची काय गरज होती असं काकूंनी तीनदा विचारून झालं होतं.

पहिला तुकडा दाराआडून छान ऐकू आला. मग पेडलचं बटण दाबल्याचा टक्क आवाज आला. मग काहीच आलं नाही.

काका ताठ झाले. "जिना आहे," ते कुजबुजले. "पहिला सूर थोडा वेळ घेतो." पण जिना कितीही उंच असला तरी इतका वेळ घेत नाही. आतून वाद्यवृंदाच्या वयस्कर मास्तरांचा आवाज आला, "काय झालं?" आणि मुंगीचा, "एक मिनिट, मास्तर." त्या एका मिनिटात तिचा आवाज सात वर्षांनी लहान झाला होता. काकू उठून उभ्या राहिल्या. काकांच्या डोळ्यांपुढे बेल, इस्त्री आणि मिक्सर एका रांगेत येऊन उभे राहिले. आत आपली पोर एका जागेसाठी उभी आहे, आणि आपण तिच्या पायाशी बिस्किटांचा डबा ठेवला आहे.

त्यांनी फाईल उघडली. दुसरं त्यांना काही येत नव्हतं. ते शेवटच्या पानावर आले, कॉम्प्युटरच्या त्या इशाऱ्यावर, स्वतःच्या अक्षरातल्या 'दप्तरी दाखल'वर. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दप्तरी दाखल झालेला कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की पानं शून्य ते सात एवढीच आहेत, आठ क्रमांकाचं पान अस्तित्वात नाही, सबब आठवा इफेक्ट भरलेला नाही.

शून्य. चिप शून्यापासून मोजत होती. आणि काकांनी सव्वीस वर्षांच्या सवयीने सगळ्यात पहिलं पान अनुक्रमणिकेसाठी कोरं सोडलं होतं. मुंगी ज्या 'एक'वर सूर शोधत होती ते कोरं पान होतं. जिना 'दोन'वर बसला होता, टाकी 'तीन'वर. सगळं शाबूत होतं, फक्त एक घर पुढे होतं.

"मला आत जाऊ द्या," काका शिपायाला म्हणाले. "दोन शब्द सांगायचे आहेत."

"नातेवाईकांना प्रवेश नाही."

"मुलगी आहे हो माझी."

"म्हणूनच तर नाही."

काकू पुढे सरसावल्या, पण काकांनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांना समोर एक अत्यंत ओळखीचा माणूस दिसत होता. या माणसाला विनंती करून, रडून, ओरडून उपयोग नसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? माणसाला आत मज्जाव होता. कागदाबद्दल शिपाई काहीच बोलला नव्हता. काका बाकावर बसले, फाईलमधला कोरा कागद काढला आणि लिहू लागले. खाली सही, तारीख आणि वेळ. वर उजव्या कोपऱ्यात तांबड्या पेनाने 'तातडीचे', त्याखाली दोन रेघा. घडी घालून ते शिपायाला म्हणाले, "हा आत पोचवायचा आहे."

शिपायाने दोन रेघा पाहिल्या. त्याने पाय जुळवले, कागद दोन्ही हातांनी घेतला आणि आत गेला. मात्र तो पडला नियमाचा माणूस. त्याने कागद मुंगीला न देता सरळ मास्तरांच्या हातात दिला, आणि मास्तरांनी तो मोठ्याने वाचायला घेतला.

"शुद्धिपत्रक," मास्तरांचा आवाज कॉरिडॉरपर्यंत आला. "विषय, पेडलवरील क्रमांकांतील चूक. पेडलवर 'एक' असे जेथे आहे तेथे 'कोरे' असे वाचावे. 'दोन' असे जेथे आहे तेथे 'एक, जिना' असे वाचावे. 'तीन' असे जेथे आहे तेथे 'दोन, टाकी' असे वाचावे व याप्रमाणे पुढे. आठवा इफेक्ट 'सेक्रेटरी' तूर्त उपलब्ध नाही. चूक सर्वस्वी निम्नस्वाक्षरीकाराची असून उमेदवाराचा तिच्याशी संबंध नाही. गैरसोयीबद्दल दिलगिरी. सही, उमेदवाराचे वडील."

आत हशा झाला. काका डोळे मिटून बसले होते. तीस-चाळीस वर्षं जपलेली प्रतिष्ठा माणसाला एका परिच्छेदात अशी खर्च करता येते याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. मग हशातून मुंगीचं हसू वेगळं ऐकू आलं, मोकळं आणि जोरात. फिरकी फिरल्याचे दोन खटके आले.

आणि टाकी वाजली. रिकामी, गच्चीवरची, त्यांच्या बिल्डिंगीची टाकी. सूर आत जाऊन भिंतींना लागत होते आणि गोल होऊन परत येत होते, आणि मुंगी त्या परत येणाऱ्या सुरांसाठी थांबत होती, त्यांना बोलू देत होती, मग त्यांच्यावर पुढचे सूर ठेवत होती. कॉरिडॉरमधले बाकीचे उमेदवार बोलायचे थांबले. काकूंनी काकांचा हात घट्ट धरला. काका रडले. हे लपवण्यात अर्थ नाही, शिपायाने पाहिलं.

वाजवणं संपल्यावर मास्तर स्वतः दारात आले. उंच, वाकलेले, हातात तो कागद. "शुद्धिपत्रक काढणारे कोण?"

काका उभे राहिले.

"मी सगळं आयुष्य वादकांबरोबर काढलंय," मास्तर म्हणाले. "सूर चुकला की तारेची चूक, हवेची चूक, माइकवाल्याची चूक. स्वतःची चूक अशी लिहून सहीनिशी देणारा माणूस मी आज पाहिला. मुलगी आमची झाली. दौरा पुढच्या महिन्यात आहे." ते दार लावता लावता पुन्हा वळले. "आणि तो सेक्रेटरी काय प्रकार आहे? तोही पाहिजे."

"अर्ज करावा लागेल," काका म्हणाले, आणि काकूंनी त्यांना कोपर मारलं, म्हणून त्यांनी जोडलं, "पण मंजूर समजा."

घरी येईपर्यंत बातमी पोचली होती. वायरमन जिन्यात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते की अर्थिंग त्यांचं आहे. सेक्रेटरींनी अभिनंदन केलं आणि हमीपत्राची मुदत आज संपल्याचं स्वतःहून सांगितलं. काका सगळ्यांना मान लववत वर चढत होते, आणि प्रत्येक मजल्यावर त्यांची छाती थोडी पुढे येत होती.

संध्याकाळी मुंगी तिच्या खोलीतून एक टेबललॅम्प घेऊन आली. निळ्या रंगाचा, मानेपासून वाकणारा. त्याच्यावर बरीच धूळ होती.

"बाबा, हा दोन वर्षांपूर्वी बंद पडला," ती म्हणाली. "पलंगाखाली लपवून ठेवला होता. तुम्हाला सांगितलं नव्हतं." तिने तो काकांच्या पुढ्यात ठेवला. "बघता का जरा?"

काकांनी लॅम्प उचलला, उलटा केला, बाहीने त्याची धूळ पुसली.

"बघू की," ते म्हणाले. "तुझ्या आईला हाक मार. आणि भिंग आणायला सांग."